तीन मिलिमीटर डावीकडे

२ मार्च

दादा,

नमस्कार लिहिला आहे असं धरून चाला. फोन तुम्ही उचलत नाही, आणि चुकून उचललात तर माझा आवाज ऐकून ठेवून देता, म्हणून अकरा वर्षांनी कागद हातात घेतलाय. हौस म्हणून नाही.

सोबतच्या खोक्यात आमच्या ठकीच्या सायकलचं मागचं चाक आहे. तेच, तिला अठरावं लागलं तेव्हा तुम्ही बांधून दिलेलं. आता तिला नवी फ्रेम घेतली आहे. घेतली म्हणजे माझ्याच दुकानातली, आहेत त्यातली सगळ्यात चांगली. अडचण एवढीच की जुन्या फ्रेमला मागे उघड्या खाचा होत्या. चाकाच्या पोटातून बारीक सळई जायची, बाजूची कळ दाबली की चाक घट्ट. नव्या फ्रेमला खाचा नाहीत, बंद भोकं आहेत. त्यातून बोटाएवढा जाड ॲक्सल आरपार जातो आणि पलीकडच्या आट्यांत बसतो. जुनं चाक आहे तसं त्यात बसत नाही.

मी तिला म्हटलं, भिंतीवरचं कुठलंही तयार चाक काढ, दहा मिनिटांत बसवून देतो. तर बाईसाहेब म्हणतात, चाक मामाचंच हवं. गेल्या वर्षी तयार चाकावर उतारावरून येताना आपटली, चाक वाकून त्याचा आठचा आकडा झाला आणि हिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून डोक्यात भूत बसलंय की मामाचं चाक असतं तर पडलेच नसते. पडणारा कशानेही पडतो, पण सांगणार कोण.

१९ एप्रिलला निवडीची शर्यत आहे. डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. पहिल्या चौघींना संघात घेतात. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, म्हणजे ही शेवटची संधी. हे चाक जमलं नाही तर ती शर्यतीला उभीच राहणार नाही असं तिने आईला सांगितलंय. मला सांगायची तसदी घेतलेली नाही.

चाकाच्या मधल्या या हबला जाड ॲक्सलच्या वेगळ्या टोप्या लागतात. त्या बनवणं केव्हाच बंद झालं. तुमच्या त्या खणांच्या कपाटात नक्की असतील, कारण तुम्ही आजवर काहीच फेकून दिलेलं नाही, माणसं सोडून. जमत असेल तर करा. नसेल तर तसं लिहा, मी तिची समजूत काढीन.

खोक्यातले मोजे तुमच्या बहिणीने कोंबलेत. त्यांच्याशी माझा संबंध नाही.

— धाकटीचा नवरा


९ मार्च

श्रीयुत भावोजी,

‘जमत असेल तर करा’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सहा वर्षं माझ्या वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारी उभं राहून पाना कुठल्या टोकाने धरायचा हे ज्याने शिकून घेतलं, तो मला विचारतो जमेल का. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात, ती अशी.

चाक बघितलं. पाच वर्षं दगडधोंड्यांवर आपटूनही आउट नाही, एक स्पोक सैल नाही. तुमच्या भिंतीवर टांगलेल्या चाकांपैकी एखादं पाच वर्षं असं टिकलं तर मला कळवा, मी स्वतः येऊन तुमच्या गिऱ्हाइकांसमोर टाळ्या वाजवीन. दुकान उघडलंत त्या दिवशी मी तिथला एक स्पोक वाजवून बघितला होता आणि म्हणालो होतो, हे चाक नाही, कपडे वाळत घालायची दोरी आहे. त्यावर तुम्ही वीस माणसांदेखत म्हणालात, दादांचा काळ संपला, आता चाकं मशीन बांधतं. मग हेही त्या मशीनकडेच पाठवायचं होतं. पोस्टाचा खर्च वाचला असता.

तरी ठकीचं काम म्हणून केलं. कसं केलं ते लिहितो, कारण विकता विकता तुम्ही सगळं विसरला असाल. हबच्या दोन्ही टोकांच्या जुन्या बारीक टोप्या ओढून काढल्या. आतला ॲक्सल पोकळ आणि रुंद आहे, तो तसाच राहतो. त्यावर मोठ्या भोकाच्या टोप्या दाबून बसवल्या. रुंदी एकशे पस्तीसची एकशे बेचाळीस झाली. हे वाढलेले सात मिलिमीटर साडेतीन-साडेतीन करून फ्रेमच्या आत दोन्हीकडे बुडतात, त्यामुळे चाक होतं तिथेच राहतं. स्पोकला हात लावावा लागत नाही. लक्ष ठेवायचं ते एवढंच, की या हबच्या दोन टोप्या सारख्या दिसतात पण सारख्या नसतात. डावी तीन मिलिमीटर उंच असते. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही चुकला होता. ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने पाना खाली ठेवून भाजी विकावी असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुम्ही अर्धंच ऐकलंत. विकायला लागलात, पण सायकली.

नेहमीप्रमाणे रिमवरची पट्टी उचलून आत पेन्सिलीने तारीख आणि काम लिहिलं आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक चाकाला ते असतं.

एक अट. या चाकाला तुमच्या दुकानातला कुठलाही पाना लागता कामा नये. खोट वाटली तर परत पाठवायचं. स्वतः हुशारी करायची नाही.

मोजे मिळाले. एक लहान आहे, एक मोठा. तुमच्या घरात राहून धाकटीचीही मापं बिघडली.

— मेहुणा, नाइलाजाने


१५ मार्च

दादा,

चाक मिळालं. बसवलं. आता खुर्चीवर बसून घ्या.

चाक मध्यावर नाही. तीन मिलिमीटर डावीकडे आहे. मी मोजलं, दुकानातल्या मेकॅनिकने मोजलं, ठकीने मोजलं. ब्रेकची डिस्क पॅडला घासते, गिअर एका जागी ठरत नाहीत. हे चाक घेऊन ती उतारावर गेली तर टायर फ्रेमला घासून काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसरं हाड मोडायला तिच्याकडे अजून बरीच शिल्लक आहेत.

भाजी विकायचा सल्ला वाचला. तुमच्यासाठीही एखादी गाडी बघून ठेवू का?

अट तुमची, म्हणून पाना लावला नाही. लावला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं काय झालंय, पण मग तुम्ही पुढची अकरा वर्षं म्हणाला असता की त्यानेच बिघडवलं. म्हणून जसंच्या तसं परत पाठवतोय. शर्यतीला पाच आठवडे आहेत. ठकी रोज विचारते, मामाचं चाक कधी जमणार. तिच्या आईने मामाचं नाव काढलं की मी दुसऱ्या खोलीत जातो. घर लहान आहे, किती वेळा जाणार.

आणि तुमचं अक्षर हल्ली डोंगर चढतं. शेवटच्या चार ओळी कागदाच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर बसल्यात. मोठ्या माणसांनी पत्र टेबलावर ठेवून लिहावं.

— धाकटीचा नवरा


२० मार्च

श्रीयुत भावोजी,

अक्षराला दोष देऊ नका, पेन खराब आहे. आणि मी पत्र टेबलावरच लिहितो. गल्ल्यावर बसून लिहायची सवय तुम्हाला.

चाक तपासलं. लाकडी कमान रिमवर ठेवली, मधला स्क्रू ॲक्सलच्या टोकापर्यंत आणला, कमान उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. चाळीस वर्षं मी असाच मध्य बघतो. टोक आणि स्क्रू यांच्यात माझ्या डोळ्यांना केसाएवढीही फट दिसली नाही. दिवा जरा मंद आहे, पण फट ती फट. चाक मध्यावर आहे.

तिघांनी मोजलं म्हणता. तीन आंधळ्यांनी मोजून हत्ती लहान होत नाही. तुमचा तो मेकॅनिक कुठे शिकला? तुमच्याकडेच ना? मग झालं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुमच्या घराण्यासाठीच केलेली असावी. फक्त या वेळी अंगण खरंच वाकडं असणार. चाक सरळ आणि बसवल्यावर तिरकं, याचा अर्थ एकच होतो. वाकडी तुमची ती सगळ्यात चांगली फ्रेम आहे. रंग चकचकीत असला की तुम्ही आत बघत नाही. बघायची सवय कधी नव्हतीच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. ही परीक्षा मीच तुम्हाला शिकवली आहे, पण आठवत असण्याची शक्यता कमी. डिस्क काढा, मागची दातेरी चक्रं काढा, ब्रेक सोडून बाजूला करा. मग चाक उलटं फिरवून, डावी बाजू उजवीकडे करून, फ्रेममध्ये बसवा. आधी ते डावीकडे झुकत होतं. उलटं केल्यावर उजवीकडे झुकलं, तर खोट चाकात, आणि मी कारखान्याला कुलूप लावतो. उलटं करूनही डावीकडेच झुकलं, तर खोट फ्रेममध्ये, आणि कुलूप कुणी लावायचं ते तुम्ही ठरवा.

चाक परत पाठवतोय. या वेळीही पट्टीखाली तारीख लिहिली आहे. अट तीच. ठकीला सांगा, तिच्या मामाच्या चाकाला काही झालेलं नाही, तिने पाय चालू ठेवावेत.

एवढं आयुष्य सायकली विकण्यात घालवलंत, एखादी सरळ तरी विकायची.

— मेहुणा


२८ मार्च

दादा,

तुम्ही सांगितलं तशी परीक्षा केली. डिस्क काढली, चक्रं काढली, ब्रेक बाजूला केला, चाक उलटं बसवलं.

डावीकडेच झुकलं.

खोट फ्रेमची आहे. मागचा एक पाय जोडतानाच चुकलेला दिसतो. माझ्याच दुकानातला माल, मीच आणलेला, मीच पोरीला दिलेला. ती फ्रेम बदलून घेतली. नव्या फ्रेममध्ये तुमचं चाक बरोबर मध्यावर बसतं. गिअर जागेवर आहेत, डिस्क घासत नाही. ठकी काल तीन तास डोंगरात जाऊन आली आणि जेवताना एकदाही चाकाबद्दल बोलली नाही. म्हणजे चाक चांगलं आहे.

तुमचं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा सांभाळून वाचा.

— धाकटीचा नवरा


३ एप्रिल

श्रीयुत भावोजी,

पत्र शेजारच्या कुलूपवाल्याकडून वाचून घेतलं, माझं वाचून झाल्यावर, मजा म्हणून. ‘तुमचं बरोबर होतं’ या ओळीवर त्याला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. त्याचा आवाज चांगला आहे.

आता मी बोलतो आणि तुम्ही ऐका, अकरा वर्षांचं साठलंय. तुम्ही माणूस म्हणून वाईट नाही. धाकटीला नीट ठेवता, पोरीला वाढवलंत. पण कारागीर म्हणून तुम्ही भोपळा आहात. तुमच्या हाताला चाक कधी बोललं नाही. माझ्या हाताला बोलतं, म्हणून बोटं लावली की मला कळतं. तुम्ही काउंटरमागे उभं राहून गोड बोलायला जन्माला आलात. ते काम वाईट नाही, कुणीतरी करायला हवं. पण पुन्हा कधी कारागिराला मापं शिकवू नका. स्वतःच्या दुकानात वाकडी फ्रेम टांगलेली असते, ती दिसत नाही, आणि दोन गावांपलीकडच्या माणसाच्या चाकातले तीन मिलिमीटर दिसतात.

तुमचं पत्र मी जपून ठेवणार आहे. कपाटात, खराब मालाच्या खणात.

इथे कुजबुज चालली होती की म्हाताऱ्याचं आता होत नाही. दोघातिघांनी चाकं आणायचीही बंद केली होती. कुलूपवाल्याने ते पत्र चहाच्या दुकानात वाचून दाखवलं, त्यातला एक परवा चाक घेऊन परत आला. त्याबद्दल आभार मानले असते, पण तुम्ही ते मुद्दाम केलेलं नाही.

ठकीला सांगा, उतारावर चाकाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं.

— मेहुणा


२१ एप्रिल

दादा,

चौथी आली. चौघींना घेतात, म्हणजे संघात आली. शेवटच्या उतारावर दोघींना मागे टाकलं. आई रडली, मी नाही. माझ्या डोळ्यात धूळ गेली होती.

संघाचं शिबिर तुमच्या बाजूला आहे. ठकी जाताना दोन दिवस तुमच्याकडे उतरेन म्हणते. येऊ द्या. सायकल सोबत असेल, पण ती नुकतीच नीट जुळवली आहे, तेव्हा उगाच उघडून बसू नका.

— धाकटीचा नवरा


२९ एप्रिल

भावोजी,

ठकी काल शिबिराला गेली. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि सायकल पुढे केली. मी म्हटलं, ही बदललेली फ्रेम का, त्या वाकडीच्या जागी आलेली? ती म्हणाली, कुठे बदलली मामा, तीच आहे, पहिल्याच दिवशी दगड लागून हा बघ इथे पोचा पडला. तुमची पोरगी चढावर घोडी आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग मी दोरा घेतला. मागच्या डाव्या भोकापासून पुढे हँडलच्या नळीला वळसा देऊन मागच्या उजव्या भोकापर्यंत ताणला. सीटची नळी आणि दोरा यांच्यात दोन्हीकडे काडेपेटीतल्या काड्या सरकवून मोजलं. डावीकडे अकरा काड्या, उजवीकडे अकरा. फ्रेम सरळ आहे. तुमच्या दुकानातली फ्रेम अगदी सरळ आहे. हे वाक्य लिहायला मला किती दिवस लागले ते तुम्हाला सांगणार नाही.

ठकीला समोर बसवलं आणि विचारलं. बाबांनी चाक उलटं बसवलं तेव्हा ते कुठे झुकलं? म्हणाली, उजवीकडे. मग बाबांनी काय केलं? म्हणाली, दोन टोप्या काढल्या, इकडची तिकडे आणि तिकडची इकडे लावली, दोन मिनिटांचं काम. आणि म्हणाले, मामाला सांगायचं नाही.

म्हणजे टोप्या मी उलट्या लावल्या होत्या. मी. चाळीस वर्षांनंतर, शिकाऊ माणसाची पहिल्या आठवड्यातली चूक. आणि परत तपासायला आलं तेव्हाही कमान डोळ्यांनी बघितली. नखाने फट चाचपून बघितली असती, तर तेव्हाच कळलं असतं. पण नखाने बघणं म्हणजे डोळे गेले हे कबूल करणं. त्या हट्टापायी मी ठकीला तसल्या चाकावर बसवून डोंगरावरून सोडणार होतो. तुम्ही मोजलं नसतं तर सोडलंच होतं. मला लाज वाटली. अजून वाटते.

आता डोळ्यांचं सांगतो, नाहीतर तुम्ही मला डॉक्टरकडे न्यायला याल आणि त्यालाही तयार चाक विकाल. ज्याच्याकडे सरळ बघावं ते मध्ये पुसल्यासारखं होतं. कडेचं दिसतं. तुमच्याकडे मी आजवर कधी सरळ बघितलं नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत माझं काही अडलं नाही. पत्रं कुलूपवाला वाचतो. मजा म्हणून नाही. मी तुमचं एकही पत्र स्वतः वाचलेलं नाही. हे मात्र मीच लिहितोय, मोठ्या अक्षरात, कारण त्याला यातलं कळायला नको.

पण तुम्ही जे केलंत त्याला मी माफी देणार नाही. चूक होती तर तोंडावर मारायची होती. अकरा वर्षं वाट बघत होता ना? हातात आयती काठी आली, आणि तुम्ही ती लपवून ठेवलीत. वर स्वतःच्या दुकानाच्या मालाला वाकडं म्हणून लेखी दिलंत. मी ते चहाच्या दुकानात वाचायला लावलं. अंगण सरळ होतं आणि गावभर मीच नाचत होतो. याच्याइतका अपमान तुम्ही मला वीस माणसांदेखत काळ संपला म्हणालात तेव्हाही केला नव्हता. तेव्हा निदान मला भांडण्यालायक समजत होता. कीव करायला मी काय रस्त्यावर पडलोय?

ज्यांनी चाकं परत आणली होती त्यांना मी काल परत पाठवलं.

— मेहुणा


६ मे

दादा,

कीव करायला वेळ कुणाला आहे. शर्यत तीन आठवड्यांवर होती. तुम्हाला खरं लिहिलं असतं तर तुम्ही परत चाक मागवलं असतं, परत सरळ आहे म्हणून पाठवलं असतं, आणि पोरगी मे महिन्यात रिकाम्या फ्रेमवर बसून रडली असती. तुमच्यापेक्षा मला ती जास्त महत्त्वाची आहे. वाईट वाटून घ्या.

पण बाकीचंही सांगतो. चाक उलटं केल्यावर उजवीकडे झुकलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मेकॅनिकला पेढा आणायला पाठवणार होतो. मग म्हटलं, बघू तरी म्हाताऱ्याने पट्टीखाली काय लिहिलंय, तेही पत्रात टाकू. टायर काढला, पट्टी उचलली. पाच वर्षांपूर्वीची ओळ होती, तुमच्या त्या मुंगीच्या अक्षरात, ‘ठकीसाठी, अठरावं’ आणि तारीख. आणि मार्चमधल्या दोन्ही ओळी तुम्ही बरोबर तिच्यावरच लिहिल्या होत्या. एकावर एक. आजूबाजूला हातभर रिम कोरी असताना. आता त्यातलं काहीच वाचता येत नाही.

तेव्हा मला कळलं, तिथे आधी काही लिहिलंय हे तुम्हाला दिसलंच नव्हतं.

मी पट्टी परत लावली. तुमच्यावर हसायला मी अकरा वर्षं थांबलो होतो आणि हसायची वेळ आली तेव्हा हसू येईना. वाईट वाटलं, दादा. खूप वाईट वाटलं. मग फ्रेमवर ढकललं. फ्रेमला काय, तिला कुणी चहाच्या दुकानात ओळखत नाही.

हे एवढं पुरे. आता तुम्हाला तोंडावर मारलेलं हवं होतं ना, ते घ्या. माणसांची चाकं परत पाठवून घरी बसणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. डोळ्यांनी काम करायची तुमची सवयच चुकीची होती. माझ्या हाताला चाक बोलत नाही हे तुम्हीच लिहिलंत. तुमच्या हाताला बोलतं ना? मग हात काय गहाण ठेवलेत?

खोक्यात ठकीचं पुढचं चाक आहे, तेही तुम्हीच बांधलेलं. पुढचं चाक धरणारा नवा फोर्क आलाय, त्यालाही जाड ॲक्सल लागतो. टोप्या माझ्याकडे मिळाल्या, सोबत आहेत. डावीवर मी कानशीने खाच मारली आहे, बोटाला लागेल. कमान नखाने बघा. पट्टी उचलून ठेवली आहे, जुन्या ओळीच्या खाली एक दोरा चिकटवलाय. त्याच्या खाली लिहा, वर चढू नका. चूक केलीत तर परत पाठवीन, आणि या वेळी पत्र मी तुमच्या चहावाल्यालाच पाठवीन.

— धाकटीचा नवरा, आणि तुमचा जुना शिकाऊ


१४ मे

गाढवा,

दोरा वाकडा चिकटवला आहेस. मी सरळ करून त्याच्या खाली लिहिलंय.

चाक पाठवलंय. मोज.

— उस्ताद